मीटर कुठं आणि मेन स्विच कुठं? सांगली-साताऱ्याकडच्या घरासाठी जागा ठरवताना

घर बांधताना देवघर कुठल्या दिशेला यावर आठवडाभर खल होतो. मीटरची जागा मात्र प्लास्टर झाल्यावर, शिडी घेऊन माणूस दारात उभा राहिल्यावर ठरते. तो विचारतो, "कुठं लावू?" घरातलं कुणीतरी पोर्चकडं बोट दाखवतं आणि विषय संपतो. पुढं त्याच भिंतीला नहाणीघर येतं, तिथंच टाकीचा पाइप उतरतो, कोपऱ्यात गॅसची रिकामी टाकी उभी राहते. मीटर आहे तिथंच असतो.

माझं म्हणणं एवढंच, की मीटर आणि मेन स्विच या दोन वस्तू दोन वेगवेगळ्या माणसांसाठी असतात. मीटर महावितरणच्या माणसाला दिसला पाहिजे. मेन स्विच घरातल्या घाबरलेल्या माणसाला सापडला पाहिजे, तोही अंधारात आणि कोरड्या पायानं. दोन्ही एकाच पेटीत कोंबली, की बहुतेक वेळा दुसऱ्या माणसाची गैरसोय होते.

आधी हद्द समजून घ्या

खांबावरून येणारी सर्व्हिस वायर आणि मीटर हा भाग महावितरणच्या अखत्यारीतला. मीटरच्या बाहेर पडणाऱ्या वायरीपासून पुढची जबाबदारी तुमची. आयसोलेटर, म्हणजे आपण ज्याला मेन स्विच म्हणतो तो, मीटरच्या नंतर बसतो. त्यामुळं तो पाडला, म्हणजे बंद केला, तरी मीटर आणि खांबापासून आलेली वायर जिवंतच असते. पुराच्या वेळी हा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो, म्हणून पुढं त्यावर पुन्हा येतो.

मीटरचं सील कुणीही तोडायचं नाही. रंगकाम करताना मीटर "जरा बाजूला" घेणारे रंगारी आणि वायरमन आपल्याकडं कमी नाहीत. वीज कायदा 2003 च्या कलम 138 खाली मीटरशी छेडछाड केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मीटर हलवायचा असेल तर अर्ज करून, पैसे भरून महावितरणकडूनच हलवून घ्या. अर्ज आपल्या शाखा कार्यालयात जातो. सांगली जिल्हा कोल्हापूर परिमंडलात येतो, सातारा बारामती परिमंडलात.

पायरी 1 : कागदावर घर काढा

साधी वही पुरे. घराचा आराखडा काढा आणि त्यावर चार गोष्टी दाखवा: विजेचा खांब, सर्व्हिस वायर घराला जिथं टेकते ती जागा, नहाणीघर-मोरी-टाकी अशी पाण्याची ठिकाणं, आणि स्वयंपाकघर. खांब ते घर हा वायरीचा मार्ग शेजाऱ्याच्या हद्दीवरून जाणार असेल तर ते आताच कळू दे. नंतर शेजारी मजला चढवतो आणि भांडण वायरीवरून सुरू होतं.

उघड्या तारांच्या बाबतीत अंतराचा नियम आहे. सपाट गच्चीवरून जाणारी कमी दाबाची तार गच्चीपासून किमान अडीच मीटर उंच असावी आणि बाजूनं जात असेल तर घराच्या सर्वांत पुढं आलेल्या भागापासून किमान 1.2 मीटर लांब. हे अंतर भिंतीपासून मोजत नाहीत, गॅलरी किंवा छज्जा बाहेर आला असेल तर तिथून मोजतात. वरचा मजला पुढं कधीतरी चढवायचा असेल तर आजच त्या उंचीचा विचार करा.

सर्व्हिस वायर पेटीत वरून घालू नका. वायरीला पेटीच्या खाली पोट द्यायचं आणि मग खालच्या बाजूनं आत घ्यायची. पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत येतं, पोटाच्या तळाला गळून पडतं. वरून घातलेल्या वायरीवरचं पाणी थेट मीटरच्या टर्मिनलवर जातं. तिथले स्क्रू गंजतात, सैल होतात, तापतात. टर्मिनलजवळची वायर तपकिरी पडलेली दिसली, प्लास्टिक वितळल्याचा वास आला, तर ते याचंच लक्षण. हात लावू नका, 1912 वर तक्रार नोंदवा.

पायरी 2 : नको त्या जागा आधी खोडा

चांगली जागा शोधण्यापेक्षा वाईट जागा खोडत गेलं की काम सोपं होतं.

नहाणीघर, संडास आणि मोरीची भिंत खोडा. आतली बाजू तर नाहीच, पण पलीकडची बाजूही टाळा, कारण ओल भिंतीतून येते. नळ, बेसिन, शेगडी यांच्या डोक्यावर बोर्ड बसवू नये असं वायरिंगची भारतीय मानकंही सांगतात. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो ज्या बाजूला पडतो ती बाजूही गेली. टाकी भरून वाहणं ही आपल्याकडं आठवड्यातून एकदा होणारी गोष्ट आहे.

स्वयंपाकघर खोडा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर जमिनीलगत साचतो. अशा वेळी घरातलं कुठलंच बटण दाबायचं नाही, कारण बटणाच्या ठिणगीनं भडका उडू शकतो. मेन स्विच गॅसच्या खोलीपासून लांब किंवा घराबाहेर असेल तर तिथून वीज तोडता येते. तो ओट्याशेजारी असेल तर ज्या वेळी त्याची खरी गरज, त्याच वेळी त्याला हात लावायची सोय नाही.

पावसाच्या माऱ्याची भिंत खोडा. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडं पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो. त्या भिंतीवर उघडा लावलेला मीटर पावसाळाभर भिजतो. जत-आटपाडीकडं प्रश्न उलटा: दुपारचं ऊन थेट पडलं की काही वर्षांत मीटरचा डिस्प्ले काळवंडतो आणि आकडे दिसेनासे होतात. दोन्हीकडं उपाय एकच, स्लॅबच्या सावलीतली भिंत. पोर्चच्या आतली बाजू उत्तम.

जिन्याखालची जागा खोडा, निदान जिथं अडगळ साचते तिथं. गावभागातल्या जुन्या वाड्यांत लाकडी फळीवर मीटर, त्याशेजारी चिनी मातीचे किटकॅट, म्हणजे जुने फ्यूज, आणि खाली हळदीची पोती, जुनी वर्तमानपत्रं, केरसुण्या असं चित्र अजून दिसतं. सैल जोडातून निघालेली उष्णता त्या लाकडाला पुरते. बोर्डापुढं माणसाला उभं राहायला किमान एक मीटर मोकळी जागा हवी. तिथं दुचाकीही लावायची नाही.

गोठ्याची भिंत तर अजिबातच नको. शेणामुताच्या वाफेनं धातू लवकर गंजतो आणि जमीन कायम ओली असते. जनावराला करंट माणसापेक्षा लवकर मारतो. चार पाय ओल्या जमिनीवर, पायांमधलं अंतर जास्त, आणि दावं बांधलेलं. गोठ्यातला दिवा वेगळ्या सर्किटवर घ्या आणि त्याचं बटण गोठ्याबाहेर ठेवा.

पायरी 3 : उंची, आणि सांगलीत उंची म्हणजे पूर

सर्वसाधारण घरासाठी मीटर जमिनीपासून एक मीटरपेक्षा खाली नसावा आणि त्याचे आकडे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे साधारण पाच ते साडेपाच फुटांवर यावेत. पेटी बंद, कुलूप लावता येणारी, आकडे वाचायला पारदर्शक खिडकी असलेली. पेटीची न वापरलेली भोकं बुजवा. पाल आत शिरते, दोन टर्मिनलांच्या मध्ये जाते आणि रात्री दोन वाजता घर अंधारात जातं. गांधीलमाश्यांचं पोळंही याच पेटीत होतं, आणि रीडिंगला आलेला माणूस मग झाकण न उघडताच सरासरी बिल टाकतो.

इतकं साताऱ्याच्या उंचावरच्या पेठांना पुरेल. सांगलीत, आणि कृष्णा-वारणेच्या काठच्या गावांत, पुरत नाही.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं. 2005 आणि 2021 चे पूरही लोकांच्या तोंडी फुटांतच आहेत. आता हे फूट म्हणजे तुमच्या दारातलं पाणी नव्हे, ती पुलाजवळची मोजपट्टी. तुम्हाला हवा तो आकडा वेगळा: पुलाजवळ किती फूट असताना पाणी तुमच्या उंबऱ्याला लागतं? सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांतल्या कुणालाही विचारा, तो झोपेतसुद्धा हा आकडा सांगेल. तुम्ही नवीन राहायला आला असाल तर शेजारच्या जुन्या घरात विचारा.

मग वजाबाकी करा. समजा तुमच्या उंबऱ्याला 54 फुटांवर पाणी लागतं. 57 मधून 54 गेले, म्हणजे 2019 सारख्या पुरात घरात साधारण तीन-साडेतीन फूट. त्यावर दोन फूट सुरक्षेचे धरा. मीटरच्या पेटीचा तळ साडेपाच फुटांवर आला. आकडे थोडे वर जातील, पण पायरीवर चढून वाचता येतील. हे जमण्यासारखं आहे.

समजा उंबऱ्याला 47 वरच पाणी लागतं. 57 मधून 47 गेले, दहा फूट. तळमजल्याची उंचीच दहा फूट असते. इथं मीटर तळमजल्याच्या कुठल्याही भिंतीवर लावला तरी तो बुडणार. अशा घरात मीटरसाठी बाहेरून चढणाऱ्या जिन्याच्या पहिल्या मजल्याचा टप्पा मागा. महावितरणच्या माणसाला कुणाचं दार न उघडता तिथं जाता आलं पाहिजे, ही त्यांची रास्त अट असते. जिना घराच्या आतूनच असेल तर हा पर्याय अडतो, म्हणून नदीकाठच्या भागात बांधकाम करताना जिना बाहेरून घ्यावा असं मी तरी म्हणेन. वास्तुतज्ज्ञाला आवडो न आवडो.

ही वजाबाकी ढोबळ आहे हेही खरं. पाणी ओढ्यातून, नाल्यातून उलटं येतं. शामरावनगरसारख्या सखल भागात तर नदी पात्रात असतानाही पावसाचं पाणी तुंबतं. म्हणून आकड्यापेक्षा भिंतीवरची खूण जास्त विश्वासाची. जुन्या रंगाखाली मातकट आडवी रेघ राहिली असेल तर तिच्यापासून टेप लावून मोजा.

अपार्टमेंटमध्ये सगळे मीटर पार्किंगमध्ये एका पॅनेलवर असतात. पार्किंग बुडतं तेव्हा वरचे चार मजले कोरडे असूनही अंधारात राहतात, आणि पाणी ओसरल्यावरही पॅनेल बदलेपर्यंत तसेच. सोसायटीच्या सभेत रंगाचा विषय निघेल तेव्हा पॅनेल वर घेण्याचा विषयही मांडा. खर्च सगळ्यांत वाटला जातो. अर्ज सोसायटीच्या नावानं एकत्र करावा लागतो.

पायरी 4 : मेन स्विच

क्रम असा: मीटर, मग आयसोलेटर, मग आरसीसीबी, मग एमसीबींचा बोर्ड.

या तिघांची कामं वेगळी आहेत आणि एक दुसऱ्याचं काम करत नाही. आयसोलेटर फक्त तुम्ही पाडल्यावर पडतो. शॉर्टसर्किट झालं किंवा माणूस चिकटला तरी तो तसाच उभा राहतो. एमसीबी जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झालं की पडतो, पण माणसाला मारायला लागणारा करंट त्याच्या दृष्टीनं काहीच नाही. आरसीसीबी करंटची गळती पकडतो, म्हणजे माणसातून जमिनीत जाणारा करंटही. घरगुती जोडणीसाठी तो 30 मिलिअँपिअरचा हवा. दुकानदार 100 चा स्वस्तात देऊ लागला तर घेऊ नका, तो माणसासाठी नाही. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. खट्कन पडला तर ठीक, न पडला तर बदलायचा.

सिंगल फेजसाठी आयसोलेटर दोन पोलचा घ्या, थ्री फेजसाठी चार पोलचा. म्हणजे फेजबरोबर (करंट आणणारी वायर) न्यूट्रलही (परतीची वायर) एकाच वेळी तुटतो. जुन्या घरांत फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे दोन किटकॅट असत. त्यातला न्यूट्रलचा किटकॅट उडाला की घरातले सगळे दिवे जातात, लोक समजतात वीज गेली, आणि बोर्ड उघडून बसतात. प्रत्यक्षात फेज प्रत्येक दिव्याच्या होल्डरपर्यंत हजर असतो. वाड्यात अशी जोडी अजून असेल तर बाकी सगळी कामं नंतर करा, ही आधी करा.

क्षमता ठरवताना साधा हिशेब: पाच किलोवॉटचा भार 230 व्होल्टवर साधारण 22 अँपिअर घेतो. 40 अँपिअरचा आयसोलेटर पुरेसा होतो. घरात दोन गीझर आणि एसी असेल तर मात्र परवानाधारक वायरमनकडून वायरीच्या जाडीसकट हिशेब करून घ्या. नुसता स्विच मोठा घेऊन वायर बारीक ठेवणं ही आपल्याकडची आवडती काटकसर आहे.

जागेचं बोलायचं तर मीटर ते आयसोलेटर ही वायर जितकी आखूड तितकी चांगली, कारण त्या तुकड्याला तुमच्या घरातलं कुठलंच उपकरण संरक्षण देत नाही. पण मीटर कंपाऊंडच्या खांबात असेल, आणि हल्ली नवीन प्लॉटवर तो तिथंच असतो, तर एक आयसोलेटर मीटरजवळ कुलपाच्या पेटीत आणि दुसरा घरात घ्या. मधली केबल आर्मर्ड (लोखंडी वेष्टनाची), जमिनीखालून, वर विटांचा थर किंवा फरशी टाकून. नाहीतर पुढं जास्वंदीचं आळं करताना कुदळ तिच्यावरच पडते.

घरातल्या आयसोलेटरची जागा ठरवायला एक चाचणी आहे. रात्री दिवे बंद करा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला झोपायच्या खोलीतून उठून मेन स्विचपर्यंत जाऊन हात लावायला सांगा. स्टूल लागलं, कपाट सरकवावं लागलं, मोरी ओलांडावी लागली, की ती जागा नापास. हात खांद्याच्या उंचीला गेला पाहिजे, चार-साडेचार फूट. पुराचा भाग असेल तर पातळीपेक्षा वर, गरज पडली तर जिन्याच्या वळणावर. तिथं मागं सरकत कोरड्या पायरीवरून हात पोचतो.

नदीकाठी मी आणखी एक करायला सांगतो: तळमजला आणि वरचा मजला यांचे बोर्ड वेगळे, आणि तळमजल्याचा आयसोलेटर वरच्या मजल्यावर. खर्च फार वाढत नाही. फायदा पूर ओसरल्यावर कळतो. तळमजल्याच्या भिंती पुढं दोन महिने ओल्या असतात. तो भाग तोडून ठेवून वरचा मजला तपासून चालू करता येतो.

प्रत्येक स्विचखाली मराठीत नाव लिहा. "खालचा मजला", "मोटर", "गीझर". वायरमननं पेन्सिलीनं लिहिलेलं 'एल-3' अडचणीच्या वेळी कुणाला वाचता येत नाही. बोअरच्या मोटरीला स्टार्टरजवळ, नजरेच्या टप्प्यात, स्वतःचा आयसोलेटर हवा. गीझरचं बटण नहाणीघराबाहेर.

पायरी 5 : इन्व्हर्टर आणि सोलर

मेन पाडला की घर मेलं, असं समजू नका. इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यापाडल्या तो जागा होतो आणि त्याच्या वायरींवर पुन्हा 230 व्होल्ट येतात. इन्व्हर्टरच्या बाहेर पडणाऱ्या वायरीला वेगळा दोन पोलचा स्विच घ्या आणि तो मेनशेजारी बसवा. बॅटरी बोर्डाच्या खाली ठेवू नका, तिच्या वाफेनं जोड गंजतात. पूरभागात बॅटरी तळमजल्यावरच नको.

गच्चीवर सोलर असेल तर पॅनेलकडून येणारी डीसी वायर उजेड असेपर्यंत जिवंत असते. तिचा आयसोलेटर गच्चीवर किंवा वरच्या मजल्यावर असावा आणि डीसीसाठीच बनवलेला असावा. एसीचा स्विच तिथं चालत नाही. स्विच पाडताना उडणारा डीसीचा आर्क, म्हणजे ठिणगीचा झोत, सहज विझत नाही, स्विचच जळतो.

पायरी 6 : अर्थिंग

लोखंडी पेटी असेल तर ती अर्थिंगला जोडलेलीच हवी. नळाच्या पाइपला वायर गुंडाळणं म्हणजे अर्थिंग नव्हे, आता तर पाइपही प्लास्टिकचे आहेत. खड्डा पायापासून दीड मीटर लांब, पाइप अडीच मीटरचा. सांगलीची काळी माती ओली असताना अर्थिंगला फार चांगली, पण उन्हाळ्यात ती भेगाळते आणि इलेक्ट्रोडभोवती पोकळी होते. मार्च ते मे खड्ड्यात पाणी ओता. साताऱ्याकडं मुरूम आणि कातळ लागला तर एका खड्ड्यावर भागत नाही, दुसरा घेऊन दोन्ही जोडावे लागतात. काम झाल्यावर वायरमनला मोजायचं यंत्र लावून अर्थिंगचा रोध मोजायला सांगा. "साहेब, चांगली झालीय" हे मोजमाप नाही.

पाणी वाढत असताना आणि ओसरल्यावर

पाणी गल्लीत दिसायला लागलं, की घरात शिरायची वाट न पाहता क्रमानं जा: मोटर, फ्रीज, गीझरची बटणं बंद, मग एमसीबी, मग आयसोलेटर, मग इन्व्हर्टरचा स्विच, सोलर असेल तर त्याचेही. पायाखाली पाणी आलं असेल तर मेनला हात लावायचा नाही. तुम्ही पोचेपर्यंत तो बुडाला असेल तर सोडून द्या, बाहेर पडा आणि 1912 ला कळवा. आयसोलेटर पाडला तरी मीटर आणि सर्व्हिस वायर जिवंत असते हे वर सांगितलंय. त्या भिंतीजवळच्या पाण्यात उतरू नका.

पुरात महावितरण स्वतःच त्या भागाचा पुरवठा बंद करतं. म्हणून लोक म्हणतात, वीज नाहीच आहे, मेन पाडून काय करायचं. खरा धोका वीज परत येते तेव्हाचा आहे. तुम्ही पाहुण्यांकडं विट्याला, इकडं वीज सुरू झाली आणि चिखलानं भरलेल्या तुमच्या बोर्डात फेज आला. घर सोडताना मेन पाडलेला असलाच पाहिजे, वीज असो वा नसो.

परत आल्यावर आधी मीटर कुठपर्यंत भिजला ते लांबून पाहा. भिजला असेल तर महावितरणला कळवा, कोरडा करून चालतोय का पाहू नका. तुमच्या बाजूचे बुडालेले एमसीबी, आरसीसीबी, आयसोलेटर हेअर ड्रायरनं वाळवून वापरायचे नाहीत, आत गाळ बसलेला असतो आणि ते ऐनवेळी पडत नाहीत. टाकून नवीन घ्या. पाइपातल्या वायरी वाळल्या का हे डोळ्यांनी कळत नाही. वायरमनला 500 व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्रानं, प्रत्येक सर्किट तपासायला सांगा. एक मेगाओमच्या खाली दाखवत असेल ते सर्किट जोडू नका, आठ दिवसांनी पुन्हा तपासा. सगळं जमल्यावर परवानाधारक ठेकेदाराकडून टेस्ट रिपोर्ट घ्या, आणि त्याची एक प्रत लाइट बिलांच्या फाइलला लावून वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवा.